एसीचा जनक विलिस कॅरियर: विहिरीच्या पाण्यापासून चिलरपर्यंतची गोष्ट

मे महिन्याच्या दुपारी अर्धा तास गेम खेळलात की फोनची पाठ तापते. मग स्क्रीन आपोआप अंधुक होते, चार्जिंग थांबतं, गेम अडखळतो. फोन खराब झालेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. हल्लीच्या बऱ्याच महागड्या फोनमध्ये व्हेपर चेंबर नावाची पातळ डबी बसवलेली असते. तिच्यात अगदी थोडं शुद्ध पाणी असतं. प्रोसेसरजवळ त्या पाण्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला जाऊन परत पाणी होते आणि जाताना उष्णता सोबत घेऊन जाते. म्हणजे तुमच्या खिशातसुद्धा एक छोटी वॉटर कूलिंग सिस्टीम असू शकते.

फोनवर दिसणारा व्हिडिओ जिथून येतो, त्या डेटा सेंटरमध्ये हेच काम मोठ्या पाइपांतून, पंपांतून आणि चिलरमधून चालतं. चिलर म्हणजे पाणी थंड करणारं मोठं यंत्र. असे प्लांट बसवून झाले की ते तपासून सुरू करून देण्याचं काम मी करतो. आमच्या भाषेत त्याला कमिशनिंग म्हणतात.

आज ज्या माणसाबद्दल लिहितोय, त्याचं नाव मी कित्येक वर्षं फक्त एसीच्या डब्यावर वाचलं होतं. कॅरियर हे कंपनीचं नाव आहे एवढंच मला माहीत होतं. ते एका माणसाचं आडनाव आहे हे मला उशिरा कळलं, आणि त्याला कारण झाली माझी एक फजिती.

माझी फजिती

एका ऑफिस इमारतीत मी पहिल्यांदा एकट्याच्या जबाबदारीवर प्लांट सुरू करत होतो. थंड पाण्याचे दोन पंप होते, एक चालू आणि एक स्टँडबाय. चालू पंप बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू व्हायला हवा. चाचणीसाठी मी पहिला पंप बंद केला. दुसरा लगेच सुरू झाला, पॅनलवर हिरवा दिवा लागला आणि मी खूश झालो. काही सेकंदांत चिलर ट्रिप झाला.

कारण साधं होतं. पाइप धुताना दुसऱ्या पंपापुढचा व्हॉल्व्ह बंद केलेला होता आणि नंतर तो उघडायचा राहिला होता. पंप फिरत होता, पण पाणी पुढे जातच नव्हतं. व्हॉल्व्ह तपासणं माझं काम होतं, त्यामुळे चूक माझीच होती. रात्री घरी आल्यावर झोप येईना. मोबाइलवर चिलरचा इतिहास वाचत बसलो आणि विलिस कॅरियर भेटला.

सफरचंदं कापून शिकलेला अपूर्णांक

विलिस हॅविलँड कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या छोट्या गावाजवळ, एका शेतकरी घरात झाला. तो एकुलता एक मुलगा होता. लहानपणी त्याला अपूर्णांक काही केल्या कळेनात. त्याच्या आईने सफरचंदं आणली, त्यांचे दोन, चार, आठ भाग केले आणि ते भाग जोडून-वजा करून दाखवले. कुठलीही अडचण आधी छोट्या तुकड्यांत मोडायची, ही सवय त्याला तिथून लागली. घरातली घड्याळं आणि यंत्रं स्वतः दुरुस्त करणारी ही आई तो अकरा वर्षांचा असताना वारली.

घरची परिस्थिती बेताची होती. १८९३ च्या मंदीने शेतकऱ्यांचे हाल केले, त्यामुळे शाळा संपल्यावर तो लगेच कॉलेजला जाऊ शकला नाही. त्याने काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. जेवणाखाण्याचा खर्च भागवायला लोकांच्या अंगणातलं गवत कापलं, भट्ट्या सांभाळल्या. १९०१ मध्ये इंजिनिअर होऊन तो बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर लागला. ही कंपनी पंखे, हीटर असलं सामान बनवायची. म्हणजे थंडाव्याच्या या माणसाची नोकरी सुरू झाली ती गरम हवेच्या यंत्रांपासून!

छापखान्यातले रंग का हलत होते?

१९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची एक अडचण कंपनीकडे आली. तिथे रंगीत छपाई व्हायची. तेव्हा एकाच कागदावर एकेक रंग वेगळा छापत. आज पिवळा, मग लाल, मग निळा. उन्हाळ्यात हवा दमट झाली की कागद ओलावा शोषून किंचित फुगायचा, कोरड्या दिवशी आकसायचा. फरक केसाएवढाच, पण तेवढ्याने पुढचा रंग आधीच्या रंगावर नीट बसत नसे. एखाद्या कॅलेंडरवर चेहऱ्याला दुहेरी कडा आलेली तुम्ही पाहिली असेल, तसंच. छापलेला माल वाया जायचा आणि वेळापत्रक कोलमडायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कॅरियरला माणसांना गार वाटावं म्हणून काही करायचं नव्हतं. त्याला हवेतला ओलावा वर्षभर एकसारखा ठेवायचा होता. लक्ष्य होतं ५५ टक्के आर्द्रता.

आधी त्याने ओलावा शोषणाऱ्या क्षाराच्या द्रावणात भिजवलेल्या कापडातून हवा खेळवून पाहिली. ओलावा शोषला जायचा, पण क्षार हवेत उतरायचा आणि लोखंड गंजायचं. तो मार्ग त्याने सोडला. मग त्याला सुचलं की हवा गरम करायला आपण ज्या कॉइलमधून वाफ सोडतो, त्याच कॉइलमधून थंड पाणी सोडलं तर?

दवबिंदू म्हणजे काय?

फ्रीजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी बाटलीतून येत नाही, खोलीतल्या हवेतून येतं. हवा एका ठरावीक तापमानाखाली गेली की तिला सगळा ओलावा धरून ठेवता येत नाही आणि तो थेंब होऊन बाहेर पडतो. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात.

कॅरियरने हवामान खात्याचे दवबिंदूचे तक्ते घेतले आणि हिशोब मांडला. कॉइल किती थंड हवी, तिच्यावरून हवा किती वेगाने जायला हवी, म्हणजे नेमका हवा तेवढाच ओलावा गळून पडेल. कॉइलवर पाणी जमलं आणि खाली टपकलं, की पुढे जाणारी हवा तेवढी कोरडी. तुमच्या घरच्या एसीच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी म्हणजे हाच गळून पडलेला ओलावा.

एक विहीर पुरली नाही

आता माझ्या आवडीचा भाग. थंड पाणी आणायचं कुठून? ब्रुकलिनमध्ये त्याने खोल विहिरीचं पाणी वापरलं. जमिनीखालचं पाणी उन्हाळ्यातही गारच राहतं, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. १९०२ च्या उन्हाळ्यात यंत्रणा बसली. पंखे, हवेचे डक्ट, थंड पाण्याच्या कॉइल, आणि हिवाळ्यात हवा फार कोरडी पडली तर वाफ सोडायला भोकं पाडलेले पाइप.

पण विहिरीची एक मर्यादा असते. ती जेवढं गार पाणी देते तेवढंच देते, बटण दाबून आणखी गार करता येत नाही. बाहेर फार दमट दिवस आला तर ते कमी पडणार. म्हणून १९०३ च्या वसंतात या व्यवस्थेला अमोनियावर चालणाऱ्या कंप्रेसरची जोड दिली गेली. कॉइलचा एक भाग विहिरीच्या पाण्यावर, दुसरा भाग यंत्रावर. दोन्ही मिळून थंडावा होता दिवसाला १ लाख ८ हजार पौंड, म्हणजे साधारण ४९ हजार किलो बर्फ वितळवण्याइतका.

हा आकडा डोळ्यासमोर आणायचा असेल तर दुकानातला दीड टनाचा एसी आठवा. तो टन एसीच्या वजनाचा नसतो. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी क्षमता म्हणजे १ टन. त्या हिशोबाने ब्रुकलिनची यंत्रणा ५४ टनांची होती. दीड टनाचे ३६ एसी लावल्यासारखंच.

आजच्या काटेकोर भाषेत याला बॅकअप म्हणता येणार नाही, कारण दुसरा स्रोत पहिल्याच्या मदतीला होता. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथेच. त्याने कमतरता मोजली आणि ती भरून काढेल एवढा थंडावा दुसऱ्या वाटेने खरोखर कॉइलपर्यंत पोहोचवला. माझा दुसरा पंप मात्र ड्रॉइंगवर होता, पॅनलवर होता, फक्त पाण्याच्या वाटेत नव्हता.

धुक्यात सुचलेली गोष्ट

कॅरियर स्वतः या कॉइलवर समाधानी नव्हता. १९०२ च्या अखेरीस एका रात्री तो पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट बघत उभा होता. सगळीकडे दाट धुकं. त्याच्या मनात आलं की ही हवा पाण्याने पूर्ण भरलेली आहे, पण थंड असल्यामुळे तिच्यात एकूण ओलावा कमीच आहे. मग आपण हवा पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून नेली आणि त्या पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवलं, तर बाहेर पडणाऱ्या हवेत किती ओलावा असावा हे आपणच ठरवू शकू.

पाण्याने हवा कोरडी करायची! ऐकायला उलटं वाटतं, पण फवारा दवबिंदूपेक्षा थंड असेल तर हवेतला ओलावा त्या थेंबांवरच जमतो. या यंत्राचं पेटंट त्याला २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं. त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने एअर कंडिशनिंग हा शब्द वापरात आणला. १९११ मध्ये कॅरियरने हवा, तापमान आणि ओलावा यांचं नातं सांगणारी सूत्रं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. त्या धर्तीचा तक्ता आजही आमच्या साइटवर भिंतीला चिकटवलेला असतो.

नोकरीवर गदा

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ मध्ये बफेलो फोर्जने ठरवलं की यापुढे फक्त सामान बनवायचं, बाकीचं इंजिनिअरिंग बंद. कॅरियरने बारा-तेरा वर्षं उभं केलेलं कामच संपत होतं. तेव्हा त्याने आणि आणखी सहा जणांनी ३२,६०० डॉलर गोळा केले आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्यात अर्विन लाइल हा सेल्समधला जुना सहकारी होता. छापखान्याचं काम त्याच्यामार्फतच कॅरियरकडे आलं होतं.

चिलरचा जन्म

तोपर्यंत थंडाव्याची यंत्रं अवजड असत. पिस्टन पुढेमागे हलणार, जागा खाणार, आवाज करणार. बऱ्याच ठिकाणी त्यात अमोनिया असे. तो गळला तर डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो आणि जास्त झाला तर जिवावर बेततं. छापखान्यात एक वेळ चालेल, पण हजारो लोक बसलेल्या थिएटरमध्ये कसं चालणार?

कॅरियरने पंपाचं तत्त्व उचललं. वेगाने फिरणाऱ्या चक्राने वायू दाबायचा, म्हणजे सेंट्रिफ्युगल कंप्रेसर. हे यंत्र त्याने मे १९२२ मध्ये न्यूअर्क इथे लोकांना दाखवलं. रेफ्रिजरंट म्हणून त्याने अमोनियाऐवजी डायलीन नावाचा द्रव निवडला. मुख्य म्हणजे हा वायू मशिनरूममध्येच राहायचा. इमारतीत फिरायचं ते फक्त थंड केलेलं पाणी. पाइप गळला तर फरशी ओली होईल, लोक गुदमरणार नाहीत. आजच्या मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये आणि बऱ्याच डेटा सेंटरमध्ये हीच मांडणी आहे.

१९२४ मध्ये डेट्रॉइटच्या जे. एल. हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रं बसली. तिथल्या तळघरात सेल लागला की गर्दीत लोकांना उकाड्याने चक्कर यायची.

थिएटर उघडलं, पण मशीन बंद!

खरी परीक्षा १९२५ च्या मे अखेरीस झाली, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिव्होली थिएटरमध्ये. थंड हवा याआधीही काही थिएटरांत होती, पण इथे सिनेमाधंद्यातले मोठे लोक स्वतः बघायला येणार होते. आधी शहराचा सुरक्षा अधिकारी परवानगी देईना. शेवटी कॅरियर त्याच्या ऑफिसात गेला, भांड्यात थोडं डायलीन ओतलं आणि त्यात जळती काडी टाकली. स्फोट झाला नाही, द्रव हळूहळू जळत राहिला. परवानगीचं गाडं पुढे सरकलं. (हा प्रयोग तुम्ही कुठल्याही द्रवावर करू नका!)

रात्रभर कामगार शेवटची जुळवाजुळव करत होते, तरी यंत्र सुरू व्हायला उशीर झालाच. दरवाजे उघडले, लोक आत आले, खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे राहिले. सवयीप्रमाणे जवळपास प्रत्येकाच्या हातात पंखा होता आणि सगळे पंखे जोरात हलत होते. कॅरियर आणि त्याची माणसं मागे उभी राहून ते बघत होती. चिलर तेव्हा कुठे सुरू झाला होता, आणि भरलेलं थिएटर थंड व्हायला वेळ लागतो.

मग हळूहळू एकेक पंखा थांबला. थोड्या वेळाने फक्त सवयीने वारा घेणारे उरले, आणि शेवटी तेही थांबले. पॅरामाउंटचा प्रमुख अ‍ॅडॉल्फ झुकर बाल्कनीत बसला होता. लोकांना हे आवडणार, असं त्याचं मत पडलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हा प्रसंग वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. प्लांट सुरू करताना सगळे तुमच्याकडे बघत असतात आणि तापमानाचा काटा हलत नसतो, ती दहा-पंधरा मिनिटं फार लांब असतात.

पुढे थिएटरांमध्ये थंड हवेची लाटच आली. आपल्या मुंबईत १९३३ मध्ये उघडलेल्या रीगलचं नाव देशातल्या सुरुवातीच्या वातानुकूलित सिनेमागृहांत घेतलं जातं.

आज चिलर सुरू करताना काय करतात?

कॅरियरच्या काळापासून यंत्रं बदलली, पण क्रम फारसा बदललेला नाही. थोडक्यात सांगतो:

१. आधी पाइप धुतात. वेल्डिंगचा कचरा आत असतो. तो चिलरमध्ये जाऊ नये म्हणून पाणी बायपासने फिरवतात आणि स्ट्रेनर, म्हणजे जाळ्या, साफ करतात.

२. दाब देऊन गळती तपासतात. नंतर वरच्या टोकांच्या व्हॉल्व्हमधून अडकलेली हवा काढतात. हवा राहिली तर पाणी नीट फिरत नाही.

३. पंप क्षणभर चालवून दिशा बघतात. वायर उलटी जोडली असेल तर तो उलटा फिरतो.

४. पाणी पुरेसं वाहतंय का हे मोजतात. फ्लो स्विचने होकार दिल्याशिवाय चिलर सुरूच होऊ द्यायचा नाही, नाहीतर आतलं पाणी गोठून नळ्या फुटू शकतात.

५. सुरू करताना आधी पंप, मग कूलिंग टॉवर, सगळ्यात शेवटी चिलर. बंद करताना आधी चिलर.

६. मग बॅकअप. चालू पंप बंद करून बघायचा, लाइट घालवून जनरेटर बघायचा. कूलिंग टॉवरमधलं पाणी सतत वाफ होऊन उडतं, म्हणून मुख्य लाइन बंद करून साठवणीच्या टाकीतून भर पडते का तेही बघायचं.

सहावी पायरी घाईत सगळ्यात आधी गाळली जाते. डेटा सेंटरमध्ये तसं करून चालत नाही. लाइट गेली की सर्व्हर बॅटरीवर चालू राहतात आणि तापतच राहतात, पण चिलर परत सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी बऱ्याच ठिकाणी थंड पाण्याची टाकी भरून ठेवलेली असते. मी आता स्टँडबाय पंप सुरू झाला की हिरव्या दिव्याकडे बघत नाही, पाण्याच्या प्रवाहाचा काटा बघतो आणि व्हॉल्व्हला हात लावून खात्री करतो.

शेवटची वर्षं

१९३० च्या मंदीत कॅरियरच्या कंपनीलाही झळ बसली. दुसऱ्या कंपन्यांशी विलीनीकरण करून ती टिकली आणि १९३७ मध्ये सिरॅक्यूज शहरात गेली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी इग्लूच्या आकाराची इमारत उभी केली होती, लोकांना आत जाऊन गारवा अनुभवता यावा म्हणून. पण घराघरांत एसी दिसायला लागण्याआधीच, ७ ऑक्टोबर १९५० रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी कॅरियर गेला. त्याच्या नावावर ८० च्या वर पेटंट होती.

त्याच्या कामाची दुसरी बाजूही आहे. नंतर आलेल्या काही रेफ्रिजरंटनी ओझोनच्या थराचं नुकसान केलं, आणि आज थंडाव्यासाठी जगभर प्रचंड वीज आणि पाणी लागतं. तो हिशोब आपल्या पिढीला करायचाय.

जाता जाता एक कामाची गोष्ट. फोन तापला तर तो फ्रीजमध्ये ठेवू नका. का, ते आता तुम्हाला सांगता येईल. गार झालेला फोन दमट हवेत बाहेर काढला की त्याच्यावर, आणि कदाचित आतही, बाटलीसारखा घाम जमतो. कव्हर काढा, चार्जर काढा, गेम बंद करा आणि फोन पंख्याखाली ठेवा. दहा मिनिटांत काम होईल.